/प्रॉकमध्ये आपली फाइल: लिनक्स कर्नलमधून डेटा पुरवायचा कसा

लिनक्सवर टर्मिनल उघडा आणि /प्रॉक/अपटाइम या फाइलवर आधी 'एलएस -एल' चालवा, मग 'कॅट'. एलएस सांगेल की फाइलची साइज ० बाइट आहे. कॅट मात्र दोन आकडे छापेल, समजा ३५४२१.०७ आणि २७६८९०.१२. पहिला आकडा म्हणजे मशीन सुरू होऊन किती सेकंद झाले. दुसरा म्हणजे सगळ्या कोअरनी मिळून किती सेकंद रिकामे बसून काढले. म्हणून आठ कोअरच्या मशीनवर दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा दिसतो. पुन्हा कॅट करा, आकडे बदललेले असतील. हे आकडे डिस्कवर कुठेच लिहिलेले नाहीत. तुम्ही फाइल वाचायला घेतलीत त्या क्षणी कर्नलमधलं एक फंक्शन चाललं, त्याने मजकूर तयार केला आणि पुढे दिला.

असं फंक्शन स्वतःच्या मॉड्यूलमध्ये कसं लिहायचं, ते या लेखात बघू. सी येते आणि एखादं 'हॅलो' छापणारं मॉड्यूल तुम्ही लोड करून पाहिलंय, एवढं मी गृहीत धरतो. कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत आणि अंडरस्कोर जागच्या जागी ठेवलेत, म्हणजे कर्नलच्या सोर्समध्ये शोधताना अडचण येणार नाही. प्रयोग व्हर्च्युअल मशीनमध्येच करा. कर्नलमध्ये एक पॉइंटर चुकला तर अख्खं मशीन आडवं होतं.

प्रोसेसची माहिती फाइलच्या रूपात दाखवायची कल्पना जुनी आहे. टॉम किलियन यांनी ती १९८४ मध्ये युनिक्सच्या आठव्या आवृत्तीसाठी मांडली. लिनक्सने ती उचलली आणि मग प्रोसेसशी काडीचा संबंध नसलेल्या गोष्टीही /प्रॉकमध्ये कोंबल्या: मेमरी, इंटरप्ट, स्वॅप, नेटवर्क, काय वाटेल ते. त्यामुळे आज नवी फाइल काढताना पहिला प्रश्न 'कशी' हा नसून 'कुठे' हा आहे.

आधी जागा ठरवा

डिव्हाइसचा एखादा गुण दाखवायचा असेल, जसं की तापमान, वेग किंवा चालू-बंद, तर सिसएफएस (डिव्हाइसची माहिती दाखवणारी, /सिस खालची फाइल सिस्टिम). तिथला नियम एका फाइलमध्ये एकच किंमत असा आहे. मजकूर एका पेजमध्ये, म्हणजे बहुतेक मशीनवर ४०९६ बाइटमध्ये, बसलाच पाहिजे. तिथे छापायला सिसएफएस_एमिट वापरा. ते २०२० मध्ये आलं आणि पेजची हद्द स्वतःच सांभाळतं. जुन्या ड्रायव्हरमध्ये साधं स्प्रिंटएफ दिसेल, त्याची नक्कल करू नका.

फक्त तुम्हाला किंवा तुमच्या टीमला डीबगिंगसाठी बघायचं असेल तर डीबगएफएस, म्हणजे त्याच कामासाठीची फाइल सिस्टिम. तिथे काहीही ठेवा, उद्या काढून टाका, कोणी जाब विचारणार नाही. नवशिक्यांच्या /प्रॉकमधल्या दहातल्या आठ फाइल खरं तर इथे असायला हव्या होत्या, असं माझं मत आहे.

/प्रॉक निवडलंत तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: तिथला फॉरमॅट म्हणजे दिलेला शब्द. लोकांच्या स्क्रिप्ट तुमचा तिसरा कॉलम 'ऑक'ने कापून घेणार. उद्या मध्येच एक कॉलम घुसवलात तर त्या सगळ्या मोडणार. भर घालायची ती शेवटी.

आपल्या उदाहरणासाठी /प्रॉक ठीक आहे, कारण त्यातली यंत्रणा, म्हणजे सेक_फाइल (मजकूर तुकड्यातुकड्यांत पुरवायची कर्नलमधली तयार सोय), डीबगएफएसमध्येही तशीच चालते. मॉड्यूलचं नाव 'नोंदवही'. ते घटनांची एक लिंक्ड लिस्ट ठेवतं. प्रत्येक घटनेला चढता अनुक्रमांक, वेळ आणि छोटा संदेश असतो. ही यादी /प्रॉक/नोंदवही वाचली की दिसायला हवी.

सोपी पायरी: सगळं एका दमात

यादीकडे वळण्याआधी फक्त 'एकूण नोंदी किती' एवढंच दाखवणारी फाइल करू. लागतं एकच फंक्शन, शो. त्याला सेक_फाइलचा पॉइंटर मिळतो. त्यात सेक_प्रिंटएफ ने आकडा छापायचा आणि ० परत करायचं. मॉड्यूलच्या इनिटमध्ये प्रॉक_क्रिएट_सिंगल ला फाइलचं नाव, परवानगी (इथे ०४४४), पालक फोल्डर (नल दिलं तर थेट /प्रॉक) आणि शो फंक्शन द्यायचं. नल परत आलं तर फाइल बनली नाही, इनिटमधून एरर घेऊन बाहेर पडायचं. संपलं. /प्रॉक/व्हर्जन, /प्रॉक/सीएमडीलाइन आणि वरची अपटाइम या सगळ्या अशाच 'सिंगल' जातीच्या आहेत.

हे फंक्शन कर्नल ४.१८ पासून आहे. इंटरनेटवरचे जुने धडे फाइल_ऑपरेशन्स चं स्ट्रक्चर भरून प्रॉक_क्रिएट ला देतात. ५.६ पासून तिथे प्रॉक_ऑप्स हे वेगळं स्ट्रक्चर लागतं, म्हणून तो कोड कंपाइलच होत नाही. फाइलमध्ये लिहिण्याचीही सोय हवी असेल तर मात्र प्रॉक_ऑप्स स्वतः भरावंच लागतं. तेव्हा ओपनमध्ये सिंगल_ओपन वापरलं असेल तर रिलीजमध्ये सिंगल_रिलीज च द्या. त्याऐवजी सेक_रिलीज दिलं तर फाइल उघडून बंद करताना दर वेळी थोडी मेमरी गळते, आणि ही गळती महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

मग यादीही याच शोमध्ये लूप लावून छापली तर? चालेल, आणि इथेच बहुतेक जण थांबतात. पण आत काय होतं बघा. सेक_फाइल सुरुवातीला एका पेजचा बफर घेतं. शोने छापलेलं त्यात मावलं नाही तर सगळं फेकून देतं, दुप्पट बफर घेतं आणि शो पहिल्यापासून पुन्हा चालवतं. तरी नाही मावलं तर पुन्हा दुप्पट. म्हणजे ६० केबीची यादी छापायला तुमचा लूप पाच वेळा चालतो आणि त्यातली चार वेळची मेहनत वाया जाते. या सगळ्या वेळात, वाचताना दुसऱ्या कोणी यादी बदलू नये म्हणून, तुम्ही लॉक धरून बसलेले. मजकूर साधारण किती होणार हे आधीच माहीत असेल तर सिंगल_ओपन_साइज वापरून पुरेसा बफर सुरुवातीलाच मागता येतो. /प्रॉक/स्टॅट कोअरच्या संख्येवरून हाच हिशोब करतं. पण ज्या यादीला वरची मर्यादाच नाही तिच्यासाठी हा मार्ग नव्हे.

यातूनच एक नियम निघतो, तो सिंगलला आणि पुढे येणाऱ्या पद्धतीलाही लागू आहे: शोमध्ये फक्त दाखवा, काहीही बदलू नका. एकाच नोंदीसाठी शो एकापेक्षा जास्त वेळा चालू शकतं. 'वाचली की काउंटर वाढव' किंवा 'दाखवली की यादीतून काढ' असं काही शोमध्ये लिहिलंत तर आकडे चुकणार आणि नोंदी गायब होणार, तेही कधीतरीच, म्हणून शोधायला महाकठीण.

चार फंक्शनं

खरी अडचण छापण्याची नाहीच. वाचणारा प्रोग्रॅम मजकूर किती तुकड्यांत मागेल यावर तुमचा काही ताबा नसतो, अडचण ती आहे. कॅट एका वेळी १२८ केबी किंवा त्याहून जास्त मागतो, 'डीडी'ला सांगितलं तर तो एकेक बाइट मागतो. सेक_फाइल येण्याआधी ड्रायव्हर लिहिणाऱ्यालाच एका पेजच्या बफरमध्ये ऑफसेट, सुरुवात आणि 'संपलं' चा झेंडा यांची सर्कस करावी लागे, आणि एका पेजपेक्षा मोठ्या फाइलमध्ये ती हमखास चुके. अल व्हिरो यांनी ऑक्टोबर २००१ मध्ये सेक_फाइल लिहिलं आणि ही डोकेदुखी एका जागी आणून सोडवली.

तुम्ही द्यायची चार फंक्शनं: स्टार्ट, नेक्स्ट, स्टॉप, शो. पंगतीतला वाढपी डोळ्यापुढे आणा. तो पातेलं भरून घेतो, पानामागून पान वाढत जातो, पातेलं रिकामं झालं की आत जातो आणि परत आल्यावर जिथे थांबला होता त्याच पानापासून पुढे वाढतो. स्टार्टला विचारलं जातं: 'या पोझिशनवर कोण आहे?' नेक्स्टला: 'याच्यानंतर कोण?' शो त्या एका नोंदीचा मजकूर बफरमध्ये टाकतं. बफर भरला की स्टॉप. मग मजकूर वाचणाऱ्या प्रोग्रॅमकडे कॉपी होतो. पुढचं रीड आलं की पुन्हा स्टार्ट, या वेळी पुढच्या पोझिशनसह.

अर्धवट बसलेली नोंद कधीच पुढे जात नाही. ती बफरमधून मागे घेतली जाते आणि पुढच्या फेरीत पहिली येते. म्हणून /प्रॉक/कॅलसिम्स सारख्या लांबलचक फाइलवर 'एसट्रेस कॅट' (एसट्रेस प्रोग्रॅमने कर्नलला केलेले कॉल दाखवतं) चालवून पाहिलं की कॅट १२८ केबी किंवा जास्त मागतोय आणि हातात दर वेळी ४०९६ पेक्षा किंचित कमी बाइट पडतायत, असं दिसतं. तो किंचितपणा म्हणजे शेवटची न मावलेली ओळ.

लिंक्ड लिस्टसाठी कर्नलमध्ये तयार मदत आहे. स्टार्टमध्ये म्यूटेक्स (एका वेळी एकालाच यादीला हात लावू देणारं लॉक) लॉक करा आणि सेक_लिस्ट_स्टार्ट ला यादीचं हेड व पोझिशन देऊन जे येईल ते परत करा. नेक्स्टमध्ये सेक_लिस्ट_नेक्स्ट. स्टॉपमध्ये म्यूटेक्स सोडा. शोमध्ये लिस्ट_एंट्री ने नोंद मिळवा आणि एक ओळ छापा. चारही फंक्शनं सेक_ऑपरेशन्स या स्ट्रक्चरमध्ये भरा, ते प्रॉक_क्रिएट_सेक ला द्या, झाली फाइल.

स्टार्ट हाताने लिहिलंत तर दोन चुका ठरलेल्या आहेत आणि दोन्हींची लक्षणं ओळखून ठेवण्यासारखी आहेत. पोझिशनकडे न बघता नेहमी पहिलीच नोंद परत केली, तर कॅट थांबतच नाही. यादी संपल्यावरही कॅट आणखी एकदा रीड करतो, त्याला पुन्हा पहिली नोंद मिळते आणि स्क्रीन धो धो वाहू लागते. उलट, पोझिशन शून्य नसेल तर थेट नल परत केलं, तर छोट्या यादीत सगळं झकास चालतं आणि यादी ४ केबीच्या पुढे गेली की पहिल्या तुकड्यावरच तुटते. ही दुसरी चूक जास्त वाईट, कारण टेस्ट करताना यादीत पाच-दहाच नोंदी असतात.

नेक्स्टमधली नेहमीची चूक म्हणजे यादी संपल्यावर नल परत करताना पोझिशन पुढे न नेणं. पूर्वी यामुळे काही वाचनांत शेवटची ओळ दोनदा यायची. आताचं कर्नल स्वतःच पोझिशन एकने वाढवतं आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) तुमच्या फंक्शनचं नाव घेऊन तक्रार नोंदवतं. ती दिसली तर दुर्लक्ष करू नका.

दोन रीडच्या मधल्या फटीत

स्टॉपनंतर लॉक सुटलेलं असतं. पुढच्या स्टार्टपर्यंत यादीत काहीही होऊ शकतं. समजा ० ते ५९ क्रमांकाच्या नोंदी वाचून झाल्या, पोझिशन ६० वर आहे. तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने दहाव्या जागेवरची नोंद उडवली. मागचे सगळे एकेक जागा पुढे सरकले. आता ६० व्या जागेवर आधीची ६१ वी नोंद बसली आहे आणि आधीची ६० वी कोणालाच दिसली नाही. यादीच्या सुरुवातीला नवी नोंद घातली तर उलटं होतं, एक ओळ दोनदा येते.

उपाय सोपा आहे आणि फार कमी जण तो वापरतात. पोझिशन म्हणजे ०, १, २ असं मोजलेलं स्थान असलंच पाहिजे असं नाही. सुरुवात शून्याने होते, एवढीच अट. त्यापुढचा आकडा तुमचा. आपल्या प्रत्येक नोंदीला कधीही न बदलणारा अनुक्रमांक आहेच, तोच पोझिशन म्हणून वापरा. अनुक्रमांक १ पासून सुरू करा. यादी अनुक्रमांकाने चढती राहावी म्हणून नवी नोंद नेहमी शेवटी जोडा. स्टार्टमध्ये 'अनुक्रमांक पोझिशनएवढा किंवा त्याहून मोठा असलेली पहिली नोंद' शोधा. नेक्स्टमध्ये पुढच्या नोंदीचा अनुक्रमांक पोझिशनमध्ये लिहा आणि पुढे कोणी नसेल तर शेवटच्या अनुक्रमांकात एक मिळवून लिहा. आता मधल्या नोंदी कितीही उडाल्या तरी वाचन घसरत नाही. प्रोसेसच्या मॅप्स फाइलमध्ये कर्नल याच धर्तीवर मेमरीचा पत्ता पोझिशन म्हणून वापरतं. एवढं करूनही अनेक रीडमध्ये वाचलेला मजकूर हा एकाच क्षणाचा फोटो नसतो. मॅप्सच्या बाबतीत तर कर्नलचं डॉक्युमेंटेशनच सांगतं की सुसंगत चित्र फक्त एका रीड कॉलपुरतं मिळतं.

शून्य मोकळा ठेवल्याचा आणखी एक फायदा म्हणजे शीर्षकाची ओळ. पोझिशन शून्य असेल तर स्टार्टने सेक_स्टार्ट_टोकन परत करायचं आणि शोने ते ओळखून कॉलमची नावं छापायची. /प्रॉक/स्वॅप्स आणि /प्रॉक/नेट/टीसीपी मधल्या पहिल्या ओळी अशाच येतात. नेक्स्टला हे टोकन मिळालं तर तिथून पहिल्या नोंदीवर जायचं, एवढं विसरू नका. टोकन हा खरा पॉइंटर नाही, त्याच्यातून नोंद काढायला गेलात तर मशीन कोसळेल.

लॉकबद्दल दोन गोष्टी. स्टार्ट आणि स्टॉपच्या मध्ये सेक_फाइल स्वतः झोपत नाही, म्हणजे कशाची वाट बघत थांबत नाही, आणि प्रोग्रॅमकडे कॉपी स्टॉपनंतरच करतं, म्हणून इथे लॉक धरणं सुरक्षित आहे. पण तुम्ही स्पिनलॉक किंवा आरसीयू (हे धरून झोपायला परवानगी नसलेले लॉकचे प्रकार) धरला असेल तर तुमचं शोही झोपता कामा नये. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे: स्टार्टने नल किंवा एरर परत केली तरी स्टॉप चालतंच. म्हणून स्टार्टमध्ये 'सिग्नल आला तर लॉक न घेता परत ये' असा प्रकार वापरलात तर स्टॉप न घेतलेलं लॉक सोडायला जाईल. साधं म्यूटेक्स_लॉक वापरा, किंवा लॉक मिळालं होतं का याची खूण ठेवा. ती खूण सेक_फाइलच्या प्रायव्हेट फील्डमध्ये ठेवायची. फाइलच्या प्रायव्हेट_डेटा ला हात लावायचा नाही, ती जागा सेक_फाइलने आधीच घेतलेली असते.

छापताना

संदेशात स्पेस किंवा नवी ओळ आली तर कॉलम विस्कटतात. बाहेरून आलेली स्ट्रिंग सेक_एस्केप मधून न्या. /प्रॉक/माउंट्स मध्ये फोल्डरच्या नावातली स्पेस बॅकस्लॅश आणि ०४० अशी दिसते ती अशाच पद्धतीने. पॉइंटर छापू नका. ४.१५ पासून साध्या पॉइंटर फॉरमॅटने खरा पत्ता न येता हॅश केलेला आकडा येतो, तो कोणाच्या कामाचा नाही. खरा पत्ता दाखवायची पळवाट शोधणं म्हणजे हल्लेखोराला आयती किल्ली देणं. माहिती नाजूक असेल तर परवानगी ०४०० ठेवा, /प्रॉक/स्लॅबइन्फो तशीच आहे.

बफर आपोआप वाढतो म्हणून निर्धास्त राहू नये, याचा धडा २०२१ च्या जुलैत मिळाला. क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी 'सेक्वोया' नावाने जाहीर केलेल्या त्रुटीत साधा युजर एकूण १ जीबीपेक्षा लांब पाथ होईल इतके फोल्डर एकात एक तयार करायचा, तो पाथ माउंट करायचा, फोल्डर उडवायचा आणि प्रोसेसची माउंटइन्फो फाइल वाचायचा. ती एकच नोंद मावावी म्हणून बफर दुप्पट होत होत २ जीबीवर गेला. पुढे ती साइज एका साध्या इंट मध्ये ओतली गेली आणि ऋण झाली. मग पाथच्या शेवटी लावायची '//डिलिटेड' अशी दहा बाइटची शेपटी बफरच्या बाहेर, २ जीबी मागे जाऊन लिहिली गेली. एवढ्यावर रूटचे अधिकार मिळवता येत होते. ही चूक २०१४ पासूनच्या कर्नलमध्ये होती. दुरुस्ती म्हणून सेक_फाइलच्या बफरला कमाल मर्यादा घातली गेली. तुमच्याही एका नोंदीची लांबी युजरच्या हातात असेल तर ती तुम्ही स्वतः बांधून टाका.

तपासणी

यादीत किमान हजारभर नोंदी भरा, म्हणजे मजकूर बऱ्याच पेजमध्ये जाईल. आधी कॅटने एका फाइलमध्ये घ्या. मग डीडीला ब्लॉक साइज १ देऊन दुसऱ्या फाइलमध्ये घ्या आणि 'सीएमपी'ने दोन्ही ताडून बघा. एकेक बाइट मागितला की जवळजवळ प्रत्येक ओळीसाठी स्टार्ट नव्याने चालतं, त्यामुळे पोझिशनचा गोंधळ असेल तर इथे उघडा पडतोच. त्यानंतर डीडीला मधूनच वाचायला लावा, म्हणजे काही हजार बाइट सोडून पुढे. अशा वेळी सेक_फाइल सुरुवातीपासून नोंदी पुन्हा तयार करत, टाकून देत त्या बाइटपर्यंत पोचतं. म्हणजे उडी मारणं स्वस्त नाही, पण उत्तर बरोबर यायला हवं.

मग एका टर्मिनलमध्ये नोंदी घालणारी-काढणारी स्क्रिप्ट चालू ठेवून दुसऱ्यात सतत कॅट करा. कर्नल लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारी सोय) आणि केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारी सोय) चालू करून बांधलेलं असेल तर लॉकची चूक किंवा सोडलेल्या मेमरीचा वापर लगेच डीमेसेजमध्ये येतो. साध्या कर्नलवर हीच चूक आठवडाभर गप्प राहू शकते.

शेवटी, फाइल उघडी असताना मॉड्यूल काढून बघा. एका टर्मिनलमध्ये शेलच्या रीडायरेक्शनने फाइल उघडी धरा आणि दुसऱ्यात 'आरएममॉड' करा. एक्झिट फंक्शनमध्ये सर्वात आधी प्रॉक_रिमूव्ह, मगच यादी मोकळी करायची, हा क्रम उलटा नको. प्रॉक_रिमूव्ह चालू असलेली वाचनं पूर्ण होईपर्यंत थांबतं आणि उघड्या फाइलचं रिलीज स्वतः उरकतं. त्यानंतर पहिल्या टर्मिनलमधून वाचायला गेलात तर इनपुट-आउटपुट एरर आली पाहिजे. ती आली आणि मशीन जिवंत असेल, तर मॉड्यूल दुसऱ्याच्या मशीनवर द्यायला हरकत नाही.